काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे

काळी गाडी घेऊ नको, असं मला चार जणांनी बजावलं होतं. सुरतेच्या उन्हात काळी गाडी म्हणजे तापलेला तवा, आणि वर धूळ दिसते ती वेगळीच. मी ऐकलं नाही. ऐकणं हा माझा गुणच नाही. बायको म्हणते, तुम्हाला कुणी पाणी प्या म्हटलं तरी तुम्ही आधी का म्हणून विचारता. गाडी सेकंडहँड होती, पण आधीच्या मालकानं जिवापाड जपलेली. डिंडोलीत आमच्या घरासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्या दारात समोरच्यांची गॅलरी, दोरीवरचे कपडे, सगळं आरशासारखं दिसत होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. मी दिवसभरात तिला किती वेळा खाली जाऊन बघून आलो ते सांगायला लाज वाटते.

कागदावर गाडी माझी होती, खरी ती आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडून ऐन विशीत सुरतेला आले आणि उभा जन्म लिंबायतच्या पावरलूमवर काढला. लूमनं त्यांचे कान घेतले. आता त्यांना शेजारी बसून बोललेलंही ऐकू येत नाही, आणि स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते बोलतात ते असं की चौथ्या घरी कळावं. त्यांच्याशी बोलायचं तर आम्हालाही ओरडावंच लागतं. त्यामुळे आमच्या घरातली भाजी कुठली इथपासून सगळं गल्लीला ठाऊक असतं. काम सुटल्यावर आप्पा पार रिकामे झाले होते. सकाळी उठून बसायचे आणि आता काय, अशा चेहऱ्यानं दाराकडे बघायचे. गाडी आली आणि त्यांना काम मिळालं. रोज सकाळी सहाला ते खाली जायचे आणि गाडी पुसायचे. अख्खी. चाकांच्या टोप्यांसकट.

पुसायचे कशानं, हे महत्त्वाचं. माझी बायको घरी साड्यांना लेस लावायचं काम करते, त्यामुळे आमच्याकडे चिंदीला तोटा नाही. पलंगाखाली पोतं भरून साडीचे तुकडे पडलेले असतात. आप्पा त्यातून निवड करायचे. सुती फडकं लादी पुसायला. गाडीला मात्र साडीचं कापड, आणि तेही ऊन पडलं की चमकेल असं. एकेक तुकडा चिमटीत धरून अंगठ्यानं चोळून बघायचे आणि सगळ्यात मऊ, सॅटिनसारखा, कडेला जरीचा पट्टा असलेला तुकडा बाजूला काढायचे. असे निवडलेले तुकडे घडी घालून डिकीत ठेवलेले असायचे. कापडात हयात घालवलेल्या माणसाच्या हाताला मऊ लागलं म्हणजे ते मऊच, यात आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. उलट मी लोकांना कौतुकानं सांगायचो की आमची गाडी साडीनं पुसतात.

दोन वर्षं असं चाललं. मग एका दुपारी कामानिमित्त मी कडोदऱ्याला एका मिलमध्ये गेलो आणि गाडी उघड्या प्लॉटमध्ये लावली. बाहेर आलो तर ऊन बरोबर बॉनेटवर तिरकं पडलं होतं. मी जागीच थांबलो. सगळ्या बॉनेटवर बारीक गोल गोल ओरखडे. कोळ्यानं जाळं विणावं तसे, एकात एक, हजारो. दारं बघितली, तिथेही तेच. छप्पर तर बघवत नव्हतं. घरासमोर सकाळी समोरच्या घरांची सावली असते, त्यामुळे इतके दिवस काही दिसलंच नव्हतं.

माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. मी तिथून सरळ आमच्याकडच्या गाडी धुणाऱ्याकडे गेलो, कारण महिन्यातून एकदा गाडी त्याच्याकडे जायची. गेल्या गेल्या त्याला झापलं. घासणीनं धुतोस का, गाडी म्हणजे काय कढई आहे का, वगैरे. तो बिचारा शांत माणूस. त्यानं पाइप बंद केला, बॉनेटकडे वाकून बघितलं आणि हिंदीत विचारलं की रोज कशानं पुसता. मी काही बोलायच्या आत त्यानं डिकी उघडली. आत आप्पांच्या घड्या. त्यानं एक उचलली, जरीच्या काठावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. हा धागा पाणी पीत नाही, धूळ पोटात घेत नाही, असं तो म्हणाला. कोरड्या गाडीवर तो फिरवला की वरची धूळ तिथल्या तिथे गोल फिरते आणि रंग खरवडते. त्यात ही जरीची कड. मी त्याची माफी मागायला हवी होती. मी नुसता गाडीत बसलो आणि निघालो.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते आणि उद्याच्यासाठी नवा तुकडा निवडत होते. तो तुकडा बघितला आणि माझा तोल गेला.

"आप्पा, तुम्ही गाडी पुसत नव्हता, खरवडत होता. दोन वर्षं खरवडलीत. पुन्हा हात लावू नका तिला."

ओरडूनच बोललो, कारण त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. पण ओरडण्यात फरक असतो, तो बहिऱ्या माणसालाही कळतो. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे काढता काढता थांबली. बाजूच्या ओट्यावरच्या गप्पा थांबल्या. आप्पांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं, तो पोत्यात परत टाकला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. उठायचे सहालाच, पण आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसायचे, आवाज पूर्ण बंद करून. ओट्यावर बसणं सोडलं. संध्याकाळी बाकीची म्हातारी मंडळी बोलवायला आली तर पाय दुखतात म्हणाले. गाडीवर बोटभर धूळ साचली. मी गल्लीसमोर त्यांची लाज काढली होती, आणि ज्या एका गोष्टीत त्यांना अजून अक्कल आहे असं त्यांना वाटायचं, तिच्यातच मी त्यांना खोटं पाडलं होतं. बायको म्हणाली, माफी मागा. मी म्हणालो, मी चूक काय बोललो, ओरखडे आहेतच ना. ती म्हणाली, आहेत, पण गाडीला पॉलिश मिळतं बाजारात, सासऱ्यांसाठी कुठून आणू? म्हणून मी पॉलिश आणायला गेलो. माफी मागण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

उधन्याकडे गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार वयस्कर, गुजराती, गिऱ्हाइकाला घाई असली की मुद्दाम सावकाश बोलणारा. मी त्याला म्हटलं, सगळ्यात कडक कंपाउंड द्या आणि सगळ्यात जोरात घासणारा पॅड द्या. त्यानं विचारलं, आधी कधी केलंय का? नाही म्हटलं. मग त्यानं मला स्टूल दिलं आणि बसवलं. कंपाउंड म्हणजे रंग घासणारं औषध, त्यात बारीक कण असतात. जाड कणांचं ओरखडा लवकर काढतं पण मागे धुरकट डाग सोडतं, बारीक कणांचं हळू काढतं पण चमक देतं. पॅडचंही तसंच. लोकरीचा सगळ्यात जास्त कापतो, मग कडक फोम, मग मध्यम, मग मऊ. औषध आणि पॅड दोघं मिळून काम करतात, म्हणून जोडी बघून घ्यायची. नवशिक्यानं मध्यम फोम आणि बारीक पॉलिशपासून सुरू करावं, नाहीच निघालं तर एक पायरी वर जावं. कारण रंगावरचा पारदर्शक थर पापडापेक्षाही पातळ असतो आणि एकदा घासला की परत येत नाही.

हे सगळं मला नीट समजलं, आणि तरीही मी लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंडच घेतलं. एवढे ओरखडे मऊ फोमनं काय निघणार, हे माझं ज्ञान. दुकानदारानं डोक्याला हात लावला, पण मशीन मात्र स्वतः निवडून भाड्यानं दिली. ही फिरते आणि सोबत डुलतेही, म्हणाला, एकाच जागी जाळत नाही, तुझ्यासारख्याला हीच बरी.

रविवारी दुपारी घराची सावली गाडीवर आल्यावर मी डिकीच्या झाकणावर सुरुवात केली. जोर लावून घासलं. ओरखडे गेले, हे खरं. पण त्या जागी असा धुरकट पट्टा आला की आरशावर वाफ धरावी. शिवाय मी चिकटपट्टी लावली नव्हती, त्यामुळे बाजूचं काळं प्लास्टिक पांढरंफटक झालं आणि कंपाउंडचे शिंतोडे काचेपासून माझ्या कपाळापर्यंत उडाले. बायको चहा घेऊन खाली आली, माझ्याकडे बघितलं आणि इडलीचं पीठ घरात भिजवत जा म्हणाली. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. वर बघितलं तर आतल्या खोलीच्या खिडकीचा पडदा हलला. आप्पा बघत होते. मशीनची घरघर त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. बायको म्हणाली, भिंतीला हात लावला तर हादरे कळतात त्यांना.

मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदारानं एक शब्द सुनावला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्यानं बारीक पॉलिशची बाटली पुढे ठेवली आणि फोमचे ढीगभर पॅड काढले, केशरी, पिवळे, निळे, काळे. मी विचारलं, मध्यम कुठल्या रंगाचा? तो म्हणाला, रंगावर जाऊ नको, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, दाबून बघ. मी दाबले. मला सगळे सारखेच लागले. खरंच सांगतो, काही फरक कळेना. शेवटी त्यानं दोन प्रकारचे दिले, प्रत्येकी तीन, कारण एक पॅड औषधानं भरला की दुसरा घ्यावा लागतो; आणि म्हणाला, घरी कुणाचा हात चांगला असेल त्याला विचार. नको असलेले परत आण.

घरी कुणाचा हात चांगला आहे, हे मला माहीत होतं.

मी पॅड घेऊन आतल्या खोलीत गेलो. टीव्हीवर बातम्या मुक्यानं चालल्या होत्या. मी दोन पॅड आप्पांच्या मांडीवर ठेवले आणि मोठ्यानं विचारलं, यातला मऊ कुठला? त्यांनी पॅडकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"मला मऊ कळत नाही, असं तूच म्हणालास ना?"

ते नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे खिडकीबाहेरही गेलं असणार. मी हळू आवाजात म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणस?" म्हणाले. अहिराणीत 'काय म्हणतोस', घरात ते अहिराणीच बोलतात, त्यांचं बाकीचं मी इथं सोपं करून लिहितोय. मी जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांना तरीही कळलं नाही. दारात बायको उभी होती, ती हसू दाबत म्हणाली, गल्लीनं ऐकलं होतं तेवढ्या जोरात बोला. मग मी पोट भरून श्वास घेतला.

"चुकलं माझं, आप्पा. असं बोलायला नको होतं."

बाहेर कुणाची तरी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. माझे कान तापले. आप्पांनी मांडीवरचा एक पॅड उचलला, तळव्यात दाबला, सोडला, अंगठ्यानं कड चोळली. दुसरा घेतला. मग पहिला पुढे करून म्हणाले, हा कडक. हा दुसरा दबतो आणि लगेच उठतो, हा घे. आणि गाडी आधी धुतली का?

धुतली नव्हती. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी गाडी धुतली. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळखळायची. मग गाड्यांच्या दुकानात चिकणमातीसारखा एक गोळा मिळतो, तो ओल्या रंगावरून फिरवला की चिकटून बसलेली घाण निघते. हे काम आप्पांनी घेतलं आणि मला करूच दिलं नाही. हात फिरवून सांगायचे, इथं अजून खरखरतं, इथं नाही. मी प्लास्टिकच्या सगळ्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली. मग बॉनेटवर दोन वितींचा चौकोन आखला आणि आप्पा म्हणाले, आधी एवढंच कर. ताण्याच्या सुताचा नवा बीम चढवला की पहिलं वीतभर विणून उजेडात बघायचं, मगच पुढं जायचं, असं ते लूमवर करायचे. दुकानदारही हेच सांगून थकला होता, पण मी आप्पांचं ऐकलं.

पॅडवर पॉलिशचे चार थेंब. कमी वेगात पसरवायचं, मग वेग वाढवून हळूहळू आडवं आणि उभं. मला हळू चालवणं जमेना. मी मशीन दाबून रेटली की पॅड फिरायचा थांबायचा. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "वजन देऊ नको," म्हणाले, "मशीन तुझ्यावर चिडलेली नाही." मी जोर काढून घेतला आणि पॅड फिरू लागला. पुसून बघितलं तर त्या चौकोनात माझा चेहरा होता आणि बाहेर जाळं. ते धुरकट डिकीचं झाकणसुद्धा याच पॅडनं साफ झालं. लोकरीचा पॅड मी परत दिला. काही खोल ओरखडे राहिले. आप्पा नख फिरवून बघायचे आणि नखाला अडकला तर सोड म्हणायचे, तेवढा थर आपल्याकडे नाही. तीन रविवार लागले. ते तीन रविवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. दुपारी जेवण, मग सावली, मग आम्ही दोघं एका गाडीभोवती, फारसं न बोलता, आणि चार वाजता चहा. बायको म्हणायची, दोघांचं लग्न लावून देते या गाडीशी.

तिसऱ्या रविवारी सगळं संपल्यावर आप्पा वर गेले आणि पोत्यातून साडीचा एक तुकडा घेऊन आले. मऊ, चमकणारा, जरीच्या काठाचा. मला वाटलं, आता हे पुन्हा पुसणार. बॉनेटच्या कोपऱ्यावर त्यांनी रस्त्यावरची चिमूटभर धूळ टाकली आणि तो तुकडा घेऊन नेहमीसारखा गोल फिरवला. पाच-सहा वेळा. मी तोंड उघडलं होतं, पण बायकोनं माझा दंड धरला आणि मी गप्प राहिलो. एवढा गप्प मी जन्मात राहिलो नसेन. आप्पांनी फुंकर मारून धूळ उडवली, मला टॉर्च तिरका धरायला सांगितला आणि वाकले. बराच वेळ वाकून होते. नव्यानं चमकवलेल्या रंगावर सहा गोल ओरखडे होते. त्यांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला, मग ओरखड्यांवरून. त्यांचा हात त्यांना मऊ सांगत होता आणि डोळे दुसरंच काही. मशीन उचलली, पॅडवर चार थेंब घेतले आणि तो कोपरा त्यांनी स्वतः नीट केला, वजन न देता. मग पोतं ओढत बाहेर काढलं आणि बायकोला म्हणाले, हे भंगारवाल्याला दे, पुसायला कशालाही वापरू नको.

मला वाटलं, झालं, पटलं. पण मनात भीती होती की आता हे सगळं स्वतःला लावून घेतील आणि पुन्हा आत बसतील. इतकी वर्षं ज्या हातावर भरवसा ठेवला, तोच फसवा निघाला तर माणूस काय करणार?

सोमवारी सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो. आप्पा खाली होते. हातात ओलं मायक्रोफायबरचं फडकं, मी आणलेल्या गठ्ठ्यातलं. समोरच्या घरातला रिक्षावाला रिक्षा काढायच्या तयारीत होता आणि तिची पुढची बाजू कोरडीच पुसत होता, साडीच्या तुकड्यानं. आमच्या गल्लीत सगळे त्यानंच पुसतात. सगळ्यांच्या घरात चिंदी आहे. आप्पा रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी तो तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. तो हसून म्हणाला, बाबा, मऊ आहे की.

"हाताला मऊ लागतं," आप्पा म्हणाले. "मलाही लागलं होतं. माझ्या पोराची गाडी मीच खराब केली, दोन वर्षं, याच कापडानं. हे घे, हे ओलं करून वापर."

आणि आपलं फडकं त्याच्या हातात देऊन ते पुढच्या घरासमोर गेले, जिथं एक जण मोटरसायकल पुसत होता, आणि त्यालाही तेच सांगितलं. मग त्याच्या पुढच्याला. माझ्या तोंडात फेस तसाच. जे मी एकदा ओरडलो म्हणून हा माणूस दोन आठवडे दाराबाहेर आला नव्हता, तेच तो स्वतः घरोघरी सांगत निघाला होता. अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं, आणि यात आप्पांच्या बहिऱ्या कानांचा काही संबंध नव्हता, कारण त्या सकाळी ते नेहमीपेक्षाही मोठ्यानं बोलत होते.